शटरचा टी.व्ही. आणि आमचे भाईंदर

चर्चगेटहून निघालेली विरार गाडी दहिसर स्टेशन सोडते आणि मुंबई महापालिकेची हद्द संपते. पूर्वी हे खिडकीतल्या माणसाला कोणी सांगावे लागत नसे. दोन्ही अंगांना खाजण, तिवरांची झुडपे आणि मिठागरे सुरू व्हायची. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग रांगेने पडलेले असत. आता मीरा रोडपर्यंत इमारतींनीच खिडकी भरून जाते. भाईंदरच्या पुढे वसईची खाडी लागते, तिथे पुलावर गाडी धडधडू लागली की दारातल्या माणसांच्या अंगावर वारा येतो, तेवढा मात्र जुनाच आहे.

मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद मिळाली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथे पाच लाख वीस हजार माणसे होती, २०११ मध्ये ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. ही माणसे काही इथल्या मिठात उगवली नाहीत. मूळचे आगरी, कोळी आणि उत्तनकडचे ख्रिस्ती बांधव बाजूला ठेवले तर बाकी आम्ही सगळे टेंपोतून आलेले. कोणी परळहून, कोणी वरळीहून, कोणी चेंबूरहून, तर कोणी थेट गुजरात-राजस्थानातून. मुंबईत खोली परवडेना म्हणून इकडे सरकलेली ही वस्ती आहे.

त्या टेंपोत काय काय असायचे ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, कारण कार्यकर्ता म्हटला की शेजाऱ्याचे सामान उतरवायला जावेच लागते. लोखंडी कपाट, पाण्याचे पिंप, कॉट, भांड्यांची पोती, बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो चादरीत गुंडाळून मुलीच्या मांडीवर, आणि सगळ्यांत शेवटी, दोघांनी दोन बाजूंनी धरून, 'सांभाळून, सांभाळून' असे ओरडत उतरवायचा तो लाकडी पेटीतला टी.व्ही.

आजच्या मुलांना ही पेटी सांगूनही समजत नाही. त्यांचा टी.व्ही. म्हणजे भिंतीवरची पाटी. आमच्या वेळचा टी.व्ही. हे एक फर्निचर होते. सागवानी प्लायवूडची पेटी, वरून पॉलिश, खाली चार निमुळते पाय. डाव्या अंगाला काच, उजव्या अंगाला जाळीचे कापड लावलेला स्पीकर आणि त्यावर बटणे. एक बटण फिरवले की कट-कट वाजे. आणि समोरून शटर! लाकडाच्या बारीक पट्ट्या कापडावर चिकटवून केलेले, खोबणीतून दोन्ही बाजूंना सरकत आत नाहीसे होणारे. दोन्ही पाने मध्ये आणली की मधोमध कुलूप. क्राऊन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा, आणि हैदराबादच्या सरकारी कंपनीचा ई.सी. ही त्या वेळची नावे. आमच्या पेटीवरची नावाची पट्टी कधीच गळून पडली, त्यामुळे आमचा कोणता ते आता आम्हालाही सांगता येणार नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याचे केंद्र वरळीला, आणि आमचे बालपण वरळीच्याच बी.डी.डी. चाळीत गेले. एकशे साठ चौरस फुटांची खोली, बाहेर सार्वजनिक नळ आणि संडास. गच्चीवर गेले की दूरदर्शनचा उंच मनोरा दिसायचा. रात्री त्यावर लाल दिवे लागत. म्हणजे चित्र निघायचे आमच्या डोक्यावरून आणि जाऊन पडायचे दुसऱ्यांच्या घरात. तेव्हा टी.व्ही. घेणे म्हणजे सोपे नव्हते. पैसे तर हवेतच, शिवाय पोस्टात लायसन काढावे लागे. ती लायसनची भानगड १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुटली.

चाळीच्या बाहेर थोड्या अंतरावर एका बिऱ्हाडात टी.व्ही. होता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. आम्ही पाच-सहा पोरे त्यांच्या दारात उभी राहायचो. आत कोणी बोलावत नसे, पण हाकलतही नसे. त्या घरच्या बाई एकदा म्हणाल्याही होत्या, "उंबऱ्यावर बसा हवं तर." १९८३ साल असेल, आम्ही सहा वर्षांचे. एका शनिवारी घरचे गृहस्थ लवकर आले. त्यांनी विचारले, "कुठल्या चाळीतली रे तुम्ही?" आम्ही मोठ्या उत्साहाने चाळीचा नंबर सांगितला. आमच्या भागात नंबर सांगितला की पुढचे काही विचारावे लागत नाही. ते काही बोलले नाहीत. टी.व्ही.जवळ गेले, शटरची दोन्ही पाने मध्ये आणली आणि किल्ली फिरवली. टी.व्ही. मात्र बंद केला नाही. लाकडाच्या आतून गाण्याचा आवाज येतच राहिला. आम्ही थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे होतो, मग घरी आलो.

ही हकिगत घरात आमच्या मोठ्या बहिणीने सांगितली. वडील जेवत होते. ते लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी होते, बोलणे कमीच. त्या दिवशीही बोलले नाहीत. पण पुढच्या मे महिन्यात, म्हणजे १९८४ साली, त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि शटरचा ब्लॅक अँड व्हाईट टी.व्ही. घेऊन आले. जवळजवळ चार महिन्यांचा पगार त्या पेटीत गेला. १९८२ च्या एशियाडपासून देशात रंगीत टी.व्ही. आला होता, परंतु त्याची किंमत ऐकूनच माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरत असे. आई कर्जाला फार चिडली होती. तिचे म्हणणे, एवढ्या पैशांत मुलीच्या लग्नाची भांडी झाली असती. हिशेब म्हणून पाहिले तर तिचेच बरोबर होते, आज कॉमर्सचा पदवीधर म्हणून आम्ही तसे लिहून देऊ.

शटरची किल्ली वडिलांनी आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून टाकली. ती कधी वापरली गेली नाही. काही वर्षांनी कुलूपच गंजले. आमच्या खोलीत शनिवार-रविवारी पंचवीस-तीस माणसे बसत. बायका कॉटवर, पोरे जमिनीवर, म्हातारी माणसे दाराशी हवेला. कोणत्या चाळीचे म्हणून वडिलांनी कोणाला विचारले नाही. आईला मात्र नंतर दोनदा फरशी पुसावी लागे आणि ती ते ऐकवल्याशिवाय राहत नसे.

'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली ती आम्ही याच पेटीत पाहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ३ तारखेला इंदिरा गांधींची अंत्ययात्रा दाखवली, तेव्हा तर मजल्यावरच्या कोणाच्याच घरात चूल पेटली नव्हती, सगळे आमच्याकडे. 'रामायण' १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याबद्दल आमच्या वस्तीची मते वेगळी होती आणि वडील त्या वेळात मुद्दाम बाजारात जात, पण रविवारी सकाळी रस्ता ओस पडायचा ही गोष्ट खरीच आहे. एप्रिल १९९० मध्ये बाबासाहेबांना भारतरत्न दिले, माईसाहेबांनी राष्ट्रपतींच्या हातून ते स्वीकारले. ती बातमी पाहायला आमच्या खोलीत उभे राहायला जागा नव्हती. पडद्यावर ते किती सेकंद दिसले असेल? पण वडील बातम्या संपल्यावरही शटर न लावता बराच वेळ बसून होते.

१९९६ साली वडील निवृत्त झाले. चाळीतली खोली चुलत्यांकडे राहिली आणि फंडाच्या पैशांत आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली-किचन घेतले. पाणी टँकरचे, रस्ता चिखलाचा, आणि पाच पन्नासची गाडी पकडायची तर पाचलाच घर सोडायचे. वरळीत तारेचा तुकडा लावला तरी चित्र यायचे, कारण मनोराच उशाशी. इकडे तीस-पस्तीस किलोमीटर लांब आल्यावर गच्चीवर उंच बांबूला अँटेना बांधावी लागली. कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. आमचा धाकटा भाऊ वर, आम्ही खिडकीत, आणि आई आतून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!"

खाडीकाठची हवा खारी. दोन वर्षांत पेटीचे पॉलिश पांढरट पडले आणि ट्यूब मंद झाली. चेहरे अंधारात बसल्यासारखे दिसत. तेव्हा, १९९७ साली, त्या पेटीचा पहिला पुनर्जन्म झाला. त्या काळी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, कलर टी.व्ही.चे सुटे सामान मिळे. किट, ट्यूब, ट्यूनर सगळे आणून मेकॅनिक घरीच टी.व्ही. जुळवून देत. नव्या कंपनीच्या टी.व्ही.पेक्षा खूप स्वस्त पडे. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने जुनी पेटी पाहिली आणि म्हणाला, "काका, पेटी कशाला टाकताय? काच वीस इंचीच आहे, कलर ट्यूब बसवून देतो." बसवली. पण कलरची ट्यूब ब्लॅक अँड व्हाईटपेक्षा वजनाला जड आणि लांबीला जास्त. तिची मान पेटीच्या मागून बाहेर आली. मग मागचा पुठ्ठा चौकोनी कापून त्यावर पत्र्याचा डबा ठोकला. समोरून पाहिले तर फर्निचर, मागून पाहिले तर पिठाची गिरणी. तरी चालला. केबलचे चॅनेल आले, वडिलांनी अखेरची आठ वर्षे त्यावरच बातम्या पाहिल्या.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या घरात मांडीएवढे पाणी आले. कॉटवर कॉट चढवून आम्ही टी.व्ही. वर ठेवला, तरी रात्री पाणी वाढले तेव्हा खालची फळी भिजलीच. पुढे ती फुगून सोलली. वडील त्याच वर्षी डिसेंबरात गेले. त्या दिवसांत कोणाला फळीची आठवण होती! आईने नंतर त्या फळीवर एक जुनी साडी चौपदरी घडी करून घातली आणि पेटी तशीच राहिली. टी.व्ही.ही रडत-रखडत चालला आणि २०१७ साली बंद पडला. तोवर भाऊ नालासोपाऱ्याला स्वतंत्र राहायला गेला होता, आमच्या मुलांच्या हातात मोबाईल आले होते. पेटीचे शटर लावून तिच्यावर फोटो आणि फुलदाणी ठेवली गेली. दोन वर्षे घरात टी.व्ही. नव्हता आणि कोणाचे काही अडलेही नाही.

अडले ते आईचे. १८ मे २०१९ पासून स्टार प्रवाह वाहिनीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर मालिका सुरू होणार अशी जाहिरात वस्तीत सगळीकडे झाली. बुद्धविहारात तोच विषय. आई म्हणाली, "मला घरात बसून बघायची आहे. लोकांच्या दारात नाही." हे वाक्य तिने सहज म्हटले की ठरवून, आम्हाला ठाऊक नाही. पण आम्ही त्याच रविवारी निघालो.

भाऊ आला होता. त्याचे मत स्पष्ट होते. पेटी भंगारात द्यावी, बत्तीस इंची एल.ई.डी. भिंतीला मारावा. "आणि फोटो कुठं ठेवायचा?" आईने विचारले. भाऊ म्हणाला, भिंतीला. आई म्हणाली, "पेटी टाकायची नाही. तुझ्या बापानं कर्ज काढून आणलेली आहे." ज्या कर्जावरून तिने वडिलांना सहा महिने ऐकवले होते तेच कर्ज! आम्ही दोघे भाऊ गप्प बसलो.

मग आम्ही पेटीचे माप घेतले. इथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. टी.व्ही.चा इंच हा काचेचा तिरका इंच असतो. जुन्या टी.व्ही.ची काच चारास तीन या प्रमाणात, तर नव्याची सोळास नऊ. म्हणजे जुना वीस इंची, ५१ सेंटिमीटरचा, रुंदीला सुमारे ४१ आणि उंचीला साडेतीस सेंटिमीटर. नवा चोवीस इंची घेतला तर उंची तीस सेंटिमीटरच राहते, रुंदी मात्र ५३ होते. म्हणजे जुन्या वीस इंचीच्या उंचीत नवा चोवीस इंची बसतो, फक्त बाजूला जागा पाहिजे. ती जागा आपल्या जुन्या पेटीत असतेच, स्पीकर आणि बटणांची! बत्तीस इंची मात्र ७१ रुंद आणि ४० उंच, तो अशा पेटीत जन्मात बसणार नाही. हा हिशेब आम्ही आधी केला नाही. भावाच्या आग्रहाने एका दुकानातून बत्तीस इंची उचलला, दुकानदार म्हणाला "आरामात बसेल," आणि घरी आणल्यावर तो पेटीच्या तोंडावर झाकणासारखा राहिला. परत द्यायला गेलो तर खोके फोडले म्हणून पाचशे रुपये कापले. बी.कॉम. झालेल्या माणसाने फूटपट्टी घरी विसरून जावे, याला काय म्हणायचे?

दुसऱ्या रविवारी पेटी छोट्या टेंपोत घातली, मापे कागदावर लिहिली आणि आम्ही निघालो. नवघरहून गोल्डन नेस्टच्या चौकात आलो. तिथून काशीमिऱ्याकडे जाणारा मीरा-भाईंदर रस्ता म्हणजे आमच्या शहराचा कणा. आता त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आहेत. आमच्या आधीच्या लोकांनी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखल पाहिला, आम्ही अर्धवट इमारती पाहिल्या, आमची मुले मॉल पाहतात. मागे भाईंदरच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घासून चमकवणारी मशिने दिवसभर घरघरत असतात. आमच्या वस्तीतली पुष्कळ मुले तिथे पॉलिशच्या कामाला आहेत, संध्याकाळी नाकातोंडात काळे भरून घरी येतात. रविवारी तेवढा रस्ता शांत होता.

मीरा रोडला शांतीनगरच्या बाजूला एक मेकॅनिक मिळाला. वयस्कर, डोळ्यांवर जाड भिंग. त्याने पेटी पाहिली आणि आधी टी.व्ही.ला नव्हे, पेटीला हात लावला. मग आम्हाला लांब उभे केले. कलर टी.व्ही.च्या ट्यूबवर चालू असताना वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही काही काळ तो भार काचेत राहू शकतो. दोन वर्षे बंद असलेल्या टी.व्ही.ला तशी भीती नाही, तरी त्याने सवयीप्रमाणे स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून भार उतरवल्यासारखे केले आणि मगच रबरी टोपी काढली. म्हणाला, "ही सवय मोडली तो माणूस गेला." घरी उघडून बघू नका, वाचकहो. ट्यूबमध्ये हवा नसते, मान तुटली तर काच आत फुटून बाहेर उडते.

पुढे काशीमिऱ्याकडे महामार्गाच्या कडेला फर्निचरवाले आणि सुतार. आमचा सुतार राजस्थानचा. तो पेटीवर बोटाने टिचक्या मारत म्हणाला, "साब, ऐसा माल अब नहीं मिलता. लेकिन नीचे का पाटिया गया." खालची भिजलेली फळी त्याने बदलली. बटणांची पट्टी वीस सेंटिमीटरची होती, ती मधून कापून दहाची केली. त्यात दोन बटणे तशीच ठेवली, आता ती काहीच करत नाहीत, पण नातवंडे कट-कट वाजवतात. आत आडवी फळी ठोकून तिला एल.ई.डी. पाठीमागच्या भोकांतून स्क्रूने आवळला. भोवती लाकडाची चौकट केली, ती मात्र दोनदा करावी लागली. पहिल्या चौकटीने टी.व्ही.च्या खालच्या कडेचा रिमोटचा डोळा झाकला गेला आणि रिमोट कितीही दाबला तरी टी.व्ही. हूं की चूं करेना. पाठीमागचा पत्र्याचा डबा काढला, जाळीच्या भोकांचा नवा पुठ्ठा लावला, कारण आत गरम हवा कोंडता कामा नये.

शटर हेच खरे अवघड काम. पट्ट्या शाबूत, पण मागचे कापड कुजलेले. सुताराने पट्ट्या एकेक सुट्या करून उलट्या मांडल्या, क्रमाने आकडे घातले, नवे जाड कॅनव्हास फेव्हिकॉलने चिकटवले आणि वर विटा ठेवून रात्रभर दाबले. खोबणीत मेणबत्ती घासली. सकाळी दोन बोटांनी पान ढकलले तर ते सुळकन आत गेले! आम्ही आणि तो, दोघेही हसलो.

राहिला आवाज. नव्या टी.व्ही.चे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, पेटीत घातल्यावर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. शांतीनगरच्या त्या मेकॅनिकने जुना लंबगोल स्पीकर तपासला, तो पस्तीस वर्षांनंतरही ठणठणीत होता. त्याला लहानशी अँप्लिफायरची पट्टी जोडली, टी.व्ही.च्या आवाजाची वायर त्यात दिली. आवाज जाळीच्या कापडातून समोर येऊ लागला, पूर्वीसारखा जाड.

खर्च विचाराल तर टी.व्ही. साडेआठ हजार, सुतार दोन हजार आठशे, मेकॅनिक सातशे, टेंपो दोन वेळचे हजार, आणि ते पाचशे आमच्या अकलेचे. बत्तीस इंचांपर्यंतच्या टी.व्ही.वरचा जी.एस.टी. १ जानेवारी २०१९ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला होता, तेवढा फायदा झाला. भिंतीवर मारला असता तर एक तृतीयांश खर्च वाचला असता, हे भावाने सांगितले आणि ते खरे आहे. ज्यांच्याकडे पैसे मोजून आहेत त्यांनी आमचे अनुकरण करावे असे आम्ही म्हणणार नाही.

पण अनुकरण झाले. पेटी घरी आली तेव्हा चार शेजारी बघायला आले, आणि वर्षभरात आमच्या बाजूच्या गल्ल्यांत आणखी तीन पेट्या माळ्यावरून खाली उतरल्या. एकीत एल.ई.डी. बसला. दुसरी एका ताईने शिलाईच्या सामानाला घेतली, शटर लावले की लहान मुलांचे हात कात्रीला लागत नाहीत. तिसरी विहारात आहे. आत दोन फळ्या मारून पुस्तके ठेवली आहेत. अमेरिकेत म्हणे जुन्या मोठ्या पेटीतला टी.व्ही. बिघडला की लोक नवा टी.व्ही. त्या पेटीच्या डोक्यावरच ठेवत, खालचा मेलेला, वरचा जिवंत. आमच्या घरांत एकावर एक ठेवायला छताची उंची कुठली?

१८ तारखेची संध्याकाळ थोडक्यात हुकली, कारण शटरचा गोंद वाळायचा होता. आईने मालिकेचा पहिला भाग शेजारी पाहिला आणि आमच्याशी दोन दिवस बोलली नाही. नंतर मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये मालिका संपेपर्यंत तिने भाग चुकवला नाही. मालिकेच्या वेळेला शेजारच्या चार-पाच जणी येत. प्रत्येकीच्या घरी टी.व्ही. आहे, आमच्यापेक्षा मोठा आहे. तरी यायच्या. २०२० च्या टाळेबंदीत येणे बंद झाले तेव्हा आई दार उघडे ठेवून आवाज मोठा करायची.

मागच्या वर्षी एक तरुण मुलगा दारात उभा राहिला. मीरा रोड, काशीमिरा, घोडबंदर या बाजूला मालिकांचे सेट लागतात हे इकडच्या सर्वांना ठाऊक आहे. तो तिथल्या कला विभागातला. जुन्या काळातले घर उभारायचे होते, त्यासाठी शटरचा टी.व्ही. हवा होता, आणि आमचा पत्ता त्याला सुताराकडून मिळाला. भाड्याने नको, विकतच द्या म्हणाला. नऊ हजार देतो. वडिलांनी दिले होते त्याच्या जवळजवळ तिप्पट! "आतला टी.व्ही. तुमचा तुम्ही काढून घ्या, मावशी. आम्हाला नुसती पेटी पाहिजे."

त्या महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. आम्ही मनात आकडे मांडून मोकळे झालो होतो. पत्नीने आमच्याकडे पाहिले, आम्ही आईकडे.

आईने त्याला पाणी दिले, बसवले. मग विचारले, "तुमच्या नाटकात हिचं शटर उघडं ठेवणार का बंद?"

तो म्हणाला, "बंदच, मावशी. आत काही दाखवायचं नाहीये."

"मग नाही देत," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. फी आम्ही ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढून भरली, अजून चार हप्ते आहेत.

एक काम मात्र राहिले आहे. कलरची ती जुनी ट्यूब. भंगारवाल्याने तिची नुसती मान धरून पाहिली आणि म्हणाला, तांब्याच्या गुंडाळीचे पैसे देतो, काच तुमची तुम्हीच ठेवा. काचेत शिसे असते. आमच्याच वस्तीतली मुले भंगाराच्या अड्ड्यावर अशा ट्यूबा दगडाने फोडतात, तांबे काढतात आणि काच खाडीकाठी टाकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि दोनदा अड्ड्यावर जाऊन भांडलोही आहोत. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, २०२३ च्या एप्रिलपासून नवे आले, अधिकृत केंद्रात जमा करावे असे त्यात आहे. तेव्हा आम्ही ती भंगारात दिली नाही. पण केंद्रातही नेली नाही. ती माळ्यावर गोधडीत गुंडाळून पडली आहे, आणि दर पावसाळ्याआधी माळा आवरताना पत्नी विचारते, हिचे काय करायचे. या वेळी मेच्या सुट्टीत विहारातल्या मुलांना घेऊन वस्तीतल्या सगळ्यांच्या माळ्यांवरच्या ट्यूबा गोळा करून एकाच टेंपोने नेऊन द्यायच्या असे ठरले आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी गुंडाळून ठेवाव्यात, मान वर करून, आणि मुलांना हात लावू देऊ नये.